टोपलीतली शेवटची चिठ्ठी

आढावकाका स्वल्पविराम मोठ्यानं वाचायचे. स्वल्पविराम वाचायचा नसतो, तिथं नुसतं थांबायचं असतं, एवढं मराठी मला शाळेत शिकवलं होतं. त्यामुळे सर्जापूर रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या तीन मजली घरात राहायला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी सहा वाजता खालच्या बाल्कनीतून "तेव्हा तो उठला स्वल्पविराम आणि डोंगराच्या वाटेला लागला पूर्णविराम" असं खणखणीत मराठी कानावर आलं आणि मी अंथरुणात उठून बसले. बंगळुरात, सकाळी सहाला, मराठी पूर्णविराम! त्यापाठोपाठ एका बाईचा आवाज आला, "हं." मग पुढचं वाक्य. मग पुन्हा "हं."

मी पुण्याची. सकाळी सहाला उठणं आमच्याकडे गुन्हा नसला तरी दुसऱ्याला उठवणं आहे. घरमालकीण अक्कांकडे तक्रार केली, तर त्या हसून "स्वल्प अडजस्ट माडी" म्हणाल्या. म्हणजे थोडं सांभाळून घ्या. मग तिसऱ्या दिवशी पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून मीच खाली भांडायला गेले. दार विमलकाकूंनी उघडलं. हाडकुळी मूर्ती, कपाळ मोकळं, आणि हसल्या की सगळा चेहरा हसायचा.

"झोपमोड झाली का गं पोरी? काय करणार, यांची चाळीस वर्षांची खोड आहे."

ती खोड काय होती ते त्यांनी मला चहा पाजून समजावलं. काका नगरकडचे. बाविसाव्या वर्षी इथं आले ते एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून. तो छापखाना पवित्र शास्त्र देशातल्या कितीतरी भाषांत छापायचा आणि काकांकडे मराठी होतं. तिथली कामाची रीत अशी, की एकानं कच्चा छापील मजकूर मोठ्यानं वाचायचा, अगदी विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं समोर मूळ प्रत धरून बसायचं. बरोबर असेल तर दुसऱ्यानं "हं" म्हणायचं. "हं" आल्याशिवाय पुढं जायचं नाही. निवृत्त झाल्यावर काकांच्या समोर बसायला कुणी उरलं नाही, तेव्हा काकूंनी दुसरी प्रत हातात घेतली. छापून वर्षं लोटलेल्या पुस्तकात आता दुरुस्त करायचं काहीच नव्हतं. पण ती त्या दोघांची सकाळची प्रार्थना होती.

भांडायला गेलेली मी डबीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन वर आले. सहाचा गजर लावायची गरज मला त्यानंतर पडली नाही.

काका उंच, वाळके, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. घड्याळाचा पट्टा सैल, त्यामुळे तबकडी कायम मनगटाच्या आतल्या बाजूला सरकलेली असायची. खिशात लाल पेन्सिल. औषधाच्या बाटलीवरचा कागद ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि मगच झाकण उघडत. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. "म्हणजे ताई, तुम्ही आमच्याच जातीच्या," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरणाऱ्या."

"पण काका, आम्ही चूक सापडली की कळवतो. दुरुस्त दुसराच करतो."

"आमचंही तेच. मजकुराला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि वर पाठवायचं. आपण शहाणपणा करायचा नाही."

हा त्यांचा धंद्याचा नियम होता आणि धर्माचाही. त्यांच्या मंडळीतला, म्हणजे इथल्या लहानशा मराठी ख्रिस्ती समाजातला, एक आयटीवाला तरुण एकदा मोबाईलवर एका प्रवचनकाराचा व्हिडिओ घेऊन आला. देव त्या माणसाच्या कानात बोलायचा म्हणे. समोर बसलेल्या गर्दीतल्या लोकांची नावं सांगायचा, त्यांचे फोन नंबरसुद्धा. काकांनी पूर्ण व्हिडिओ शांतपणे पाहिला आणि विचारलं, "देवाला फोन नंबर कशाला लागतो रे?"

पोरगा गेल्यावर मीच छेडलं. मी देवळातही न जाणारी. मला असल्या वादात मजा येते. म्हटलं, "मग देव बोलतो हे तुम्हाला तरी कसं कळतं?"

त्यांनी मला फिरायला नेलं. त्या वेळी रस्त्याकडेची टॅबेबुयाची झाडं पानंबिनं टाकून नुसती गुलाबी झाली होती. "हे बघितलं की कुणीतरी आहे एवढं कळतं," काका म्हणाले. "हे सगळ्यांनाच दिलेलं आहे, तुम्हाला आणि मला. पण तो आहे एवढं कळून भागत नाही. त्याचं म्हणणं काय आहे? ते कळायला शब्दच लागतो. तो त्यानं दिला, मग शब्द सोडून स्वतःच माणूस होऊन आला. जे सांगायचं ते सांगून झालंय त्याचं. आता आपण नीट वाचायचं, बस." बोलता बोलता आम्ही मागच्या तळ्यापाशी आलो. साबणाच्या पाण्यासारखा पांढरा फेस वाऱ्यानं रस्त्यावर येत होता. मी म्हटलं, "आणि हे बघून काय कळतं?" काका म्हणाले, "हे आपलं प्रकटीकरण, आपण कसे आहोत ते कळतं. यात देवाचा हात नाही."

परत येताना ते आणखी एक वाक्य बोलले. "ताई, खरं वचन ओळखायचं असेल तर एक बघायचं. ते आपल्या सोयीचं आहे का? असेल तर संशय घ्यायचा." हे बोलताना त्यांनी घड्याळाखालचं मनगट चोळलं. ही त्यांची सवय आहे असं मी धरून चालले.

हे फिरणं झालं ते काकू गेल्यानंतरच्या फेब्रुवारीत. त्याआधीचं सांगायला हवं.

मी राहायला आले तेव्हा जून होता आणि काकूंच्या पोटात गाठ होती. हे मला ऑगस्टमध्ये कळलं, तेही काकूंनीच सांगितलं, भाजी निवडता निवडता. मी नुसती उसळले. डॉक्टर, ऑपरेशन, दुसरं मत, सगळं एका दमात बोलून गेले. काकूंनी चष्म्याच्या डबीतून कागदाची एक गुंडाळी काढली. बोटाएवढी चिठ्ठी, काकांच्या टपोऱ्या अक्षरात. तू मरणार नाहीस, जगशील आणि देवानं केलेलं लोकांना सांगशील, अशा अर्थाचं वचन होतं.

त्यांच्याकडे वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासनेनंतर चिठ्ठ्यांची टोपली फिरते. प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातलं एक वचन. डोळे मिटून एक उचलायची; ते तुमचं त्या वर्षाचं वचन, देवानं खास तुम्हाला दिलेलं. कुणी ते फ्रिजवर लावतं, कुणी पाकिटात ठेवतं. सत्तर माणसांची मंडळी. काका डिसेंबरभर सत्तर चिठ्ठ्या लिहायचे, काकू त्या कापून, गुंडाळून, पांढऱ्या दोऱ्यानं बांधायच्या. तयारी त्या दोघांची, म्हणून उचलायची पाळी त्यांची शेवटी: आधी काका, सर्वांत शेवटी काकू.

"जानेवारीत ऑपरेशनची तारीख होती गं," काकू म्हणाल्या. "आणि एक तारखेला हे हातात आलं. मग पोट कशाला फाडून घ्यायचं? त्यानं सांगितलंय ना." त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता. प्रवासाचं तिकीट काढून झालेल्या माणसासारख्या त्या निश्चिंत होत्या. मी मदतीसाठी काकांकडे पाहिलं, तर काका उठून आत गेले होते.

सप्टेंबरपासून सकाळचा "हं" बारीक होत गेला. ऑक्टोबरात तो ऐकायला मला बाल्कनीच्या कठड्यावर वाकावं लागायचं. नोव्हेंबरात एका सकाळी काका वाचून थांबले, थांबले, आणि "हं" आला नाही. त्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली.

दफनाच्या वेळी मी मागं उभी होते. पास्टर तरुण, सोलापूरचे, बोलायला गोड. विमलकाकूंचं वचन सगळ्या मंडळीला माहीत होतं, त्यामुळे त्याचा उलगडा करणं त्यांना भाग होतं. ते म्हणाले, "देव खोटं बोलत नाही. भगिनी मेल्या नाहीत. खरं जीवन त्यांना आज मिळालं." लोकांनी माना हलवल्या, डोळे पुसले. काका खड्ड्यातल्या मातीकडे बघत मनगट चोळत होते.

दुसऱ्या सोमवारी सकाळी सहाला खालून वाचन सुरू झालं. पूर्णविराम. मग गप्प. एका "हं"ला जेवढा वेळ लागतो तेवढी नेमकी जागा सोडलेली. मग पुढचं वाक्य. मला ती जागा सोसायची नाही. एखाद्या घरात जेवायला बसावं आणि गेलेल्या माणसाचं ताट वाढलेलं असावं, तसं व्हायचं. मी काही दिवस कानात बोळे घालून झोपले. मग बोळे काढले, कारण बोळे घातले तरी ती जागा ऐकू यायचीच.

असं दोन वर्षं चाललं. त्या डिसेंबरात एका सकाळी मी चहाचा कप आणि लॅपटॉप घेऊन बाल्कनीत बसले होते. डोकं कामात. खाली काकांचं वाक्य संपलं, पूर्णविराम झाला, आणि आई फोनवर गोष्ट सांगत असली की आपण जसं म्हणतो, तसं माझ्या तोंडून "हं" निघून गेलं.

खाली सगळं थांबलं. मग खुर्ची सरकली. मग जिन्यावर पावलं, अनवाणी, एकेक पायरी धरून. मी दार उघडून उभी राहिले. काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. भीती होती की आनंद, ते कळेना.

"ताई, आत्ता... तुम्ही काही ऐकलंत?"

खरं सांगते, क्षणभर मनात आलं, नाही म्हणावं. म्हाताऱ्या माणसाला काकूंचा आवाज ऐकू आला तर येऊ दे, माझ्या बापाचं काय जातं? पण ते माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होते की मला खोटं बोलवेना.

"मीच म्हणाले, काका. चुकून निघालं तोंडून."

ते दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसले. म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. मी नव्हतं सांगितलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर काकू घाबरल्या होत्या, रात्ररात्र झोपत नव्हत्या. त्यांना धीर यावा म्हणून काकांनी एकाहत्तरावी चिठ्ठी लिहिली. जगशील असं सांगणारी. स्वतः कापली, स्वतः बांधली आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली मनगटाला लावून उपासनेला गेले. त्यांची पाळी आली तेव्हा टोपलीत दोनच चिठ्ठ्या होत्या. त्यांनी दोन्ही उचलल्या आणि पट्ट्याखालची मागं ठेवली. काकूंनी डोळे मिटून टोपलीत हात घातला.

"मला वाटलं, ही आता हसत ऑपरेशनला जाईल. घरी आल्यावर म्हणाली, हॉस्पिटलला फोन लावा आणि तारीख रद्द करा. मी फोन हातात धरून उभा राहिलो, ताई. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी बरं म्हणालो. म्हटलं, उद्या सांगू. मग रोज उद्या. मी डॉक्टरांचं नाव काढलं की हसायची, तुमचाच विश्वास कमी पडतो म्हणायची. मजकुरात माझं एक अक्षर नव्हतं हो. वचन देवाचंच होतं. पण ते त्यानं तिला दिलं नव्हतं. मी दिलं, त्याची सही करून."

मला त्यांचा राग आला, हे लिहूनच टाकते. काकूंची ती चष्म्याची डबी डोळ्यांपुढं आली आणि हा माणूस दोन वर्षं सकाळी सहाला कुणाला काय वाचून दाखवतो आहे, असं वाटलं. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. काकांनी मान डोलावली, जणू तेवढीच अपेक्षा होती.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "विमलनं मारलेली दोऱ्याची गाठ नखानं सुटायची. सत्तर चिठ्ठ्या तिनं बांधलेल्या, तिला स्वतःची गाठ कळणार नाही का? माझी गाठ सुटेना. तिनं ती सगळ्यांसमोर दातानं तोडली. आणि माझ्याकडे बघितलं. वचन वाचायच्या आधी बघितलं. ते बघणं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. तिला कळलं होतं का? कळून तिनं घेतलं का? रोज पूर्णविरामाला थांबतो ना, ते तेवढं ऐकायला थांबतो."

माझा राग तिथंच बसला. गेला नाही, पण बसला.

जाताना त्यांनी मला एक जानेवारीला चर्चमध्ये बोलावलं. "साक्ष देणार आहे, सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार आहे. मंडळी अजून विमलच्या वचनाची गोष्ट सांगते. ते बंद व्हायला पाहिजे. तुम्ही या. तुम्ही आमच्यातल्या नाही, तुम्ही उगाच आमेन म्हणणार नाही."

मी गेले. तमिळ मंडळीच्या चर्चमागचा भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढं टेबलावर ती वेताची टोपली. चिठ्ठ्या आता दुसरं कुणी तरी छापून आणायचं. साक्षीची वेळ आली तसे काका उठले, बाह्यांची बटणं तपासली आणि माईकसमोर उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच, एकही वाक्य न गाळता. पट्टा, मनगट, दोन चिठ्ठ्या, फोन. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तोंडाला पदर लावून रडत होती. मला वाटलं, आता कुणी तरी उठेल आणि ओरडेल. मला वाटतं, काकांनाही तेच हवं होतं.

पास्टर उठले आणि त्यांनी काकांना मिठी मारली. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. माणूस वाईट नव्हता. ते लोकांकडे वळून म्हणाले, "बंधुभगिनींनो, वचन कुणाचं होतं? देवाचं. मग हात कुणी चालवला? काकांना वाटलं आपण चालवला. तो देवानंच चालवला. आमेन?"

"आमेन!" सगळा हॉल म्हणाला.

"नाही," काका म्हणाले. माईक अजून त्यांच्याजवळ होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "हात माझा होता. तेवढं तरी माझ्याकडे राहू द्या."

पण तोवर पेटीवाल्यानं गाण्याचा सूर धरला होता आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले होते. गाणं संपल्यावर बायका काकांभोवती जमल्या. एक जण म्हणाली, "काय सुंदर साक्ष दिलीत हो काका!" मी कोपऱ्यात बसले होते आणि मला हॉलच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. टोपली फिरत फिरत काकांसमोर आली तेव्हा त्यांनी चिठ्ठी न उचलता ती पुढं सरकवली.

परतताना रिक्षात सिल्क बोर्डच्या सिग्नलला आम्ही वीस मिनिटं अडकलो, तेव्हा काका म्हणाले, "चूक दाखवली ताई मी. त्यांनी ती मजकुरात घेऊन टाकली."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

फेब्रुवारीत त्यांचा मुलगा पिंपरीहून त्यांना न्यायला आला. गुडघे गेले होते, एकट्यानं जिना होत नव्हता. सामान आदल्या दिवशीच बांधून झालं. निघण्याच्या सकाळी सहाला मी बाल्कनीत उभी होते. गल्लीतला टॅबेबुया पुन्हा गुलाबी झाला होता. खाली रिकाम्या बाल्कनीत एक खुर्ची राहिली होती, तिच्यात काका, आणि मांडीवर ते पुस्तक. समोर, जिथं काकू बसायच्या तिथं, फरशीवर दुसरी प्रत उघडी ठेवलेली.

त्यांनी वाचलं. आवाज थकलेला होता पण एक स्वल्पविराम सुटला नाही. दोन पानं झाली. मग एक पूर्णविराम आला आणि ते थांबले. नेहमीची जागा झाली. ते पुढं गेले नाहीत. दूधवाल्याचे क्रेट उतरले, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, ऑफिसची कॅब कोपऱ्यावर हॉर्न वाजवून गेली. काका थांबूनच होते. मी वर आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

"हं" माझ्या अगदी ओठांपर्यंत आला. एवढासा आवाज. काकूंचा खालचा सूर मला दोन वर्षांनीही जमला असता. म्हाताऱ्याला पिंपरीपर्यंत पुरला असता, कदाचित पुढंही. मी कपाची कड दातांत धरली आणि गप्प राहिले. ते उत्तर माझं नव्हतं, आणि दुसऱ्याचं उत्तर आपल्या हातानं देणं काय असतं ते त्या माणसानंच मला सांगितलं होतं.

बऱ्याच वेळानं काकांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. चाळीस वर्षं त्या पुस्तकावर त्यांनी एक रेघ ओढली नव्हती. त्यांनी समासात काहीतरी लहानसं काढलं आणि जरा मोठ्यानं, मूळ प्रत धरून बसलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाले, "प्रश्नचिन्ह."

मग ते थांबले नाहीत. पुस्तक मिटलं आणि मुलाला हाक मारली.